व्यवस्थापन म्हणजे कारकुनी नव्हे

२३ ऑगस्टला, राष्ट्रीय अंतराळ दिनी, चांद्रयान-३ चे कौतुक होते. त्याच बंगळुरूच्या संशोधनविश्वात मात्र एक जुना समज अजून ठाण मांडून आहे: कल्पना सुचते ती वैज्ञानिकाला, प्रकल्प चालवणारा केवळ वेळापत्रके आणि निविदा सांभाळतो. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत विज्ञानालाच मोजावी लागते.

७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. पुढच्या मोहिमेत, तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी सांगितल्याप्रमाणे, विचाराची दिशाच उलटली: काय काय बिघडू शकेल आणि तरीही यान कसे उतरेल, येथून आखणी सुरू झाली. उतरण्याचे क्षेत्र ५०० मीटर बाजूच्या चौरसाऐवजी सुमारे ४ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद झाले. पाय बळकट केले, इंधन वाढवले, मधले पाचवे इंजिन काढून टाकले. नवा ऑर्बिटर पाठवलाच नाही; चांद्रयान-२ चा कामी आणला. यांत निसर्गाचा नवा नियम एकही नाही. परंतु वजन, इंधन, पैसा आणि वेळ परस्परांशी भांडत असताना त्यांतून एक सुसंगत रचना उभी करणे, ही निर्मिती नव्हे तर काय?

नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या केल्या. भरीव पृष्ठभागाऐवजी तारांची जाळी ताणून बसवण्याची त्यांची युक्ती खर्चाच्या मर्यादेशी झगडतानाच आकाराला आली. तेथे अंदाजपत्रक कोठे संपले आणि विज्ञान कोठे सुरू झाले, हे कोणी दाखवून द्यावे.

आक्षेप असा की प्रतिभा अभियंत्यांची असते, प्रमुख फक्त सही करतो. त्यात तथ्य आहे. प्रत्येक सही निर्मिती नसते. खुर्चीच्या बळावर इतरांच्या शोधनिबंधावर नाव चढवणारे प्रमुखही असतात. म्हणून कसोटी एकच असावी: त्या जागी दुसरी व्यक्ती असती, तर उपकरण वेगळे घडले असते का?

ही कसोटी बढतीच्या वेळी क्वचितच लावली जाते. मोजले जातात ते शोधनिबंध. उपकरण उभारण्यात तारुण्याची वर्षे घालवणाऱ्याच्या नावापुढे मग ‘निर्मिती अल्प’ असा शेरा पडतो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लिगो-इंडियासाठी २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. पैसा मंजूर करता येतो. ज्यांना आपण कारकून ठरवून परतवले, ती माणसे मंजुरीने परत येत नाहीत.