'हॅव' की 'हॅज'? धंद्यासाठी आधी एवढं पक्कं करा



चिचगडात बसून धंदा करायचा तर इंग्रजी कशाला, असं बरेच जण विचारतात. बरोबर आहे. देवरीचा महामार्ग एका बाजूला नागपूरला जातो, दुसऱ्या बाजूला रायपूरला. तिथल्या ग्राहकाशी मराठी-हिंदीत भागतं. पण हैदराबादहून मेसेज आला, "डू यू हॅव एचएमटी राइस?" तर? प्रश्न कळतो, गोदामात मालही असतो. फक्त 'हॅव लिहू की हॅज?' या विचारात उत्तर संध्याकाळवर जातं. तोवर ग्राहक दुसरीकडे गेलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. दुकानदाराने बारा काळ पाठ करत बसू नये. आधी हे एक क्रियापद पक्कं करावं.

आपण चुकतो कुठे, ते बघा. मराठीत आपण वस्तूकडे बघतो. 'दुकानात एक पोतं आहे', 'दहा पोती आहेत'. पोती वाढली की 'आहे'चं 'आहेत' होतं. इंग्रजी मात्र मालकाकडे बघते. "आय हॅव वन बॅग", "आय हॅव टेन बॅग्ज". पोती कितीही असोत, 'हॅव' बदलत नाही. म्हणून पोती मोजू नका, मालक कोण ते बघा.

आय, यू, वी, दे असेल तर 'हॅव'. ही, शी, इट किंवा कोणी एक असेल तर 'हॅज'. "माय ब्रदर हॅज अ टेम्पो." "अवर शॉप हॅज टेन बॅग्ज." दुकान एकच ना? मग 'हॅज'.

'डज' आलं की पुन्हा 'हॅव'. "ही डज नॉट हॅव स्टॉक." आणि "आय ॲम हॅविंग अ शॉप" म्हणू नका. दुकान तुमचंच आहे, सरळ म्हणा, "आय हॅव अ शॉप."

कोणी म्हणेल, चुकीचं इंग्रजी लिहिलं तर इज्जत जाते. अहो, 'हॅज'च्या जागी 'हॅव' पडलं तरी ग्राहकाला कळतं. भाव किंवा वजन चुकलं तर मात्र धंदा जातो. म्हणून चूक सुधारत राहा, पण उत्तर अडवून ठेवू नका.

ज्या एचएमटी तांदळाचा प्रश्न आला, ते वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे. शिक्षण तिसरीपर्यंत. वाणाला नाव मिळालं ते घड्याळाच्या ब्रँडवरून. माल चांगला असेल तर तो लांब जातो. आपल्याला फक्त "येस, आय हॅव" म्हणता आलं पाहिजे.

आज आपल्या दुकानावर पाच वाक्यं लिहा आणि मोठ्याने म्हणा. भेटू पुढच्या व्हिडिओत!