ऊस कोल्हापूरचा, कोयता बीडचा: उचलीचं हे चक्र थांबत का नाही?

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं ओस पडायला लागतात. घरी उरतात ती म्हातारी माणसं. बाकीचे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या फडांवर जातात, ते पुढचे पाच-सहा महिने.

जावं का लागतं?

पाऊस कमी, जमीन हलकी आणि सिंचन तुटपुंजं. खरीप निघालं की गावात काम उरत नाही. लग्न, आजारपण, बी-बियाणं यासाठी रोख पैसा लागतो आणि तो मुकादमाकडून मिळतो. यालाच म्हणतात ‘उचल’.

उचलीचं गणित काय?

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ऊस तोडून ती फेडायची. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

याची सगळ्यात मोठी किंमत बायकांनी मोजली. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढल्याचं समोर आलं.

मग जबाबदार कोण?

खरी मेख इथेच आहे. शेतकऱ्याची एफआरपी केंद्र सरकार ठरवतं आणि ती १४ दिवसांत देण्याचं कायदेशीर बंधन कारखान्यावर आहे. मजुराचा दर मात्र साखर संघ आणि संघटनांच्या वाटाघाटीत ठरतो. करार होतो तो मुकादमाशी, त्यामुळे मजूर कारखान्याचा कामगार ठरतच नाही. त्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतूनच कापला जातो. म्हणजे मजुरी वाढली की भार शेतकऱ्यावर. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ झाली, पण मजूर आणि शेतकरी समोरासमोर उभे करणारी ही रचना तशीच राहिली.

सरकारने काय केलं?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ आलं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढाच सरकारचा वाटा, असं ठरलं. मुलांची शाळा सुटू नये म्हणून २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली.

वसतिगृहामुळे पोरगं शाळेत राहील, पण आई-बापाला फडावर जावंच लागेल. आता तर तोडणी यंत्रं फडात उतरली आहेत. उद्या हे कामही कमी झालं, तर या कोरडवाहू तालुक्यांत दुसरं काय आहे? पाणी आणि गावातला रोजगार हे प्रश्न सुटल्याशिवाय उचल सुटणार नाही.