कशासाठी?

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या आम्ही चौदा जणी वसईच्या खाडीकाठी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात आडवाटेने दिवसभर चाललो. वनखात्याची परवानगी सहज मिळाली. घरी मात्र प्रत्येकीला विचारलं गेलं, ‘कशासाठी?’ देवदर्शन, लग्न, अगदी शिबिरसुद्धा चालतं. नुसतं भटकणं हे बाईच्या बाबतीत कारणच ठरत नाही. वाटेत मोळी घेतलेल्या आदिवासी बाईनेही विचारलं, “काय गोळा करायला आलात?” तिच्या दिवसात तरी रिकाम्या हाताने चालणं कुठे आहे? विसाव्याचा हक्क आपण मजुरीच्या हक्काइतक्या जोराने मागितला का? संघटनांनी वर्षातून एक दिवस विषयपत्रिकेशिवाय चालावं. त्या दिवशी घरी स्वयंपाक कोणी केला, याची नोंद मात्र जरूर ठेवावी.