आधी प्रेशर मोजा, मग जेट बदला

‘प्रेशर’ हा शब्द आपण सबमिशनपासून प्लेसमेंटपर्यंत कशालाही लावतो. आज मात्र पीएसआयमध्ये मोजतात त्या खऱ्याखुऱ्या प्रेशरबद्दल बोलायचंय. येरवडा, विश्रांतवाडी, नगर रोड या पट्ट्यात रूम करून राहणाऱ्या आणि कॉलेजच्या कार्टिंग टीममध्ये रात्री जागवणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांसाठी हा विषय थेट जिवाशी संबंधित आहे. कारण रेसिंग कार्टमध्ये पेट्रोलची टाकी बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दोन पायांच्या मध्ये असते.

जुगाडाला नावं ठेवायचा इथे अजिबात हेतू नाही. कार्टचा जन्मच जुगाडातून झालाय. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स यांनी गवत कापायच्या मशीनचं इंजिन एका साध्या पाइपांच्या सांगाड्यावर बसवलं आणि हा खेळ सुरू झाला. आपणही तेच करतो. जुन्या बाइकचं इंजिन आणतो, नाना पेठेत फिरून पार्ट गोळा करतो, जुन्या बाजारात एखादा पंप स्वस्तात मिळाला की खूश होतो. गडबड होते ती इथेच.

बाइकमध्ये टाकी इंजिनच्या वर असते, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. कार्टमध्ये टाकी फ्लोअरला टेकलेली आणि कार्ब्युरेटर तिच्या वर. म्हणजे पंप आलाच. आता हा पंप कार्ब्युरेटरला किती दाबाने पेट्रोल देतो, हे किती टीम मोजतात?

कार्ब्युरेटरच्या आत काय चालतं, ते समजायला फ्लशची टाकी आठवा. पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि येणारं पाणी बंद करतो. फ्लोटवाल्या कार्ब्युरेटरमध्येही तसंच. बाउलमध्ये पेट्रोल ठरलेल्या लेव्हलला आलं की फ्लोट एक छोटी सुई वर दाबतो आणि वाट बंद होते. पण मागून येणारा दाब फ्लोटच्या ताकदीपेक्षा जास्त झाला, तर सुई ढकलली जाते. लेव्हल चढते, मिक्स्चर रिच होतं, प्लग काळा पडतो, इंजिन गुदमरतं आणि ओव्हरफ्लोमधून पेट्रोल ठिबकायला लागतं. शेजारीच तापलेला सायलेन्सर असतो.

आता आकडे बघा. बाइकच्या टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या साधारण ३० सेंटिमीटर वर असेल, तर त्याचा दाब भरतो जेमतेम ०.३ पीएसआय. पूर्ण १ पीएसआय हवा असेल, तर टाकी जवळजवळ एक मीटर उंच टांगावी लागेल, सलाइनच्या बाटलीसारखी. बाइकचा कार्ब्युरेटर एवढ्याशा दाबावर जगायला बनवलेला असतो. उलट १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यापासून बहुतेक नव्या बाइक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांच्या टाकीतला पंप साधारण ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास दाब देतो. स्क्रॅपमधून असा पंप आणून जुन्या कार्ब्युरेटरला जोडला, तर आपण त्याला सवयीच्या शंभरपटीहून जास्त दाब देतोय. मग जेट बदलत बसा, काही होणार नाही. दोष जेटचा नाहीच.

दाब कमी पडला तरी सुटका नाही. लांब सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटल दिला की बाउल भरण्यापेक्षा वेगाने रिकामा होतो आणि मिक्स्चर लीन होतं. टू-स्ट्रोक इंजिनमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जॅम. कोल्हापूरला मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्स मॅक्स हे १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. त्याला डेलॉर्टोचा फ्लोट कार्ब्युरेटर आणि मिकुनीचा पल्स पंप असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर या पंपाचा पडदा हलतो आणि पेट्रोल पुढे सरकतं. इंजिन बंद, की पंप बंद. इलेक्ट्रिक पंपाचं तसं नाही. कार्ट आदळली, इंजिन बंद पडलं, तरी स्विच चालू असेल तर तो पेट्रोल ढकलतच राहतो.

मग प्रेशर कमी कसं करायचं? सगळ्यात आवडता जुगाड म्हणजे पाइप क्लॅम्पने चिमटायचा. हा चालत नाही, आणि का चालत नाही हे कळलं तर निम्मा विषय कळला. चिमटलेल्या जागी दाब पडतो तो पेट्रोल वाहत असतानाच. सुई बंद झाली की वाहणं थांबतं आणि पंपाचा पूर्ण दाब त्या सुईवर येऊन बसतो. तुमच्या बिल्डिंगचा कॉक अर्धवट फिरवून ठेवला, तर नळाची धार बारीक होते. पण नळ बंद केल्यावर पाइपातला दाब तेवढाच राहतो. धार वेगळी, दाब वेगळा.

खरे उपाय दोन. एक, पंप आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये स्प्रिंग आणि पडदा असलेला रेग्युलेटर. मात्र तो कमी दाबाच्या, कार्ब्युरेटरसाठीच्या पंपावर लावायचा, आणि आपल्याला हवा तेवढा खालचा दाब त्यावर सेट होतो का, हे घेतानाच बघायचं. दोन, रिटर्न लाइन. कार्ब्युरेटरच्या आधी टी जोडायचा आणि जास्तीचं पेट्रोल बारीक छिद्रातून टाकीत परत सोडायचं. पल्स पंपासाठी हा उपाय स्वस्त आणि मस्त. सुई बंद असली तरी पेट्रोल फिरत राहतं, त्यामुळे दाब साचत नाही. शिवाय पुण्याच्या मे महिन्यात पाइपात वाफेचे बुडबुडे झाले, तर तेही परत टाकीत जातात. छिद्र किती मोठं ठेवायचं, हे गेज बघत ठरवायचं. अंदाजाने नाही.

टिलॉटसनसारख्या डायफ्रामवाल्या कार्ब्युरेटरचं गणित वेगळं आहे. त्यात पंप आतच असतो आणि सुई स्प्रिंगवर चालते. तिथे वरचे आकडे लावू नका.

आमचं म्हणणं एवढंच आहे. कार्ट ट्रॅकवर जाण्याआधी कॉलेजमध्ये ब्रेक तपासतात, वेल्डिंग तपासतात, हेल्मेट बघतात. त्याच कागदावर आणखी चार ओळी हव्यात. आयडलला आणि फुल आरपीएमला गेजवर दिसलेला दाब किती? पेट्रोलचा प्रत्येक जोड क्लॅम्पने पक्का आहे का? ओव्हरफ्लोची नळी सायलेन्सरपासून लांब, बाटलीत सोडली आहे का? इलेक्ट्रिक पंप असेल, तर किल स्विचने तोही बंद होतो का? चारही उत्तरं लिहिलेली नसतील, तर कार्ट सुरू करू द्यायची नाही, मग स्पर्धा उद्यावर का असेना.

सरांनी हा नियम केला तर उत्तम. नाही केला, तर टीम कॅप्टनने करावा. कमी दाबाच्या साध्या गेजसाठी काँट्रिब्युशन काढायला कुणाच्या सहीची गरज नाही. पुढच्या वेळी इंजिन गुदमरलं आणि कुणी म्हणालं, ‘मोठा जेट टाकून बघू’, तर त्याला एकच विचारा: प्रेशर किती आहे?