पालीकरांनो, तिचं माणूस व्हा

मुंबई-गोवा महामार्गावरच्या गावांना ती अनोळखी नाही. कुठल्या गाडीतून उतरली, कुणालाच ठाऊक नसतं. केसांच्या जटा, अंगावर एकावर एक चढवलेले मळके कपडे, घोट्याजवळ चिघळलेली जखम आणि तिच्यावर बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी. कुणी वडापाव देतं, कुणी हाकलतं. रात्री ती कुणाच्या तावडीत सापडते, हे पोट दिसू लागल्यावरच गावाला कळतं. आपण हळहळतो आणि घरी जातो. बायांनो, बाप्यांनो, हे आता पुरे!

कायदा तिच्या बाजूने उभा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 18 नुसार बेघर, निराधार माणसाला मानसिक उपचार मोफत. दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. कलम 100 नुसार अशी भटकणारी आजारी बाई दिसली, तर तिला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्यच आहे. कोठडीत टाकायचं नाही. 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं, घरच्यांचा शोध घ्यायचा. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. पालीत ग्रामीण रुग्णालय आहे. रत्नागिरीत 1886 पासून मनोरुग्णालय आहे.

मग अडतं कुठे? खिडकीवर. ‘नाव? आधार? सोबत माणूस कोण?’ पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवाचून उपचार अडता कामा नयेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपणच द्यायचं आहे.

औषध सुरू झालं की यातल्या कितीतरी जणी गावाचं नाव सांगतात, मुलांची नावं सांगतात. कर्जतच्या ‘श्रद्धा’ संस्थेत डॉ. भरत वाटवानींनी अशा हजारोंना घरी पोचवलं. 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्याच महामार्गावर, पणदूरला, संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. हे काम करणारी माणसं काही आभाळातून पडलेली नाहीत.

रिक्षावाल्या दादांनो, ती दिसली की 112 लावा. जखम, ताप, बाळंतपण असेल तर 108. आशाताई, बचत गटातल्या मैत्रिणींनो, तिच्याबरोबर गाडीत बसा. अनोळखी पुरुषांच्या गराड्यात ती बिथरते. कुणी कागद मागितला तर कलम 18 पुढे करा, आणि दाखल करून घेतल्याशिवाय हलू नका. सरपंचांनो, येत्या ग्रामसभेत ठरवाच: फोन कोण करणार, सोबत कोण जाणार, वॉर्डात भेटायला कोण जाणार. ती नावं आणि नंबर पोलिसांकडे द्या, रुग्णालयाच्या खिडकीवर लावा.