बिननावाची सिंगल माल्ट

गेल्या उन्हाळ्यात एडिंबराला मुलीकडे होतो. जेवणाआधी जावयाने ‘आल्डी’ या स्वस्त दुकानसाखळीची घरची व्हिस्की, ‘ग्लेन मार्नॉक’, माझ्यासमोर ठेवली आणि मी बोलून गेलो, “वाणसामानाच्या दुकानातली स्कॉच?” तो गप्प राहिला. रात्री मुलीने मात्र सुनावलं, “बाबा, चव तरी घेतली होतीत का?”

नव्हती घेतली. कर्जाचा अर्ज न उघडता फेटाळावा, तसाच प्रकार. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून बाटलीवरचा मजकूर वाचला. ‘सिंगल माल्ट’ ही जाहिरातीतली शाबासकी नव्हे. 2009 च्या कायद्यात तिची व्याख्या आहे. एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून काढलेली, स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली, निदान 40 टक्के अल्कोहोलची. 2012 च्या अखेरीपासून ती बाटलीतही स्कॉटलंडमध्येच भरावी लागते. हे नियम नामांकित बाटलीला आणि या बाटलीला सारखेच. नाही ते फक्त डिस्टिलरीचं नाव. ‘ग्लेन मार्नॉक’ नावाची डिस्टिलरीच नाही. ‘लिडल’ची ‘बेन ब्रॅकन’ही तशीच. ग्लेन म्हणजे दरी, बेन म्हणजे डोंगर. नावं दुकानांनी ठेवलेली.

संध्याकाळी मीच जावयाला म्हटलं, दोन ग्लास भर, कोणता कुठला ते सांगू नकोस. एकात ही, दुसऱ्यात दुपटीहून महाग अशी बारा वर्षांची. रंग पाहायचा नाही असं ठरलं, कारण रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने मुभा आहे. आधी नुसता वास, मग घोट, मग चार थेंब पाणी घालून पुन्हा वास. पाण्याने अल्कोहोलचा झणका ओसरतो आणि खालचा माल दिसू लागतो. एकीत मध आणि नासपती. पण घोट उतरताच चव विरते आणि जिभेला किंचित चुरचुर. कोवळी असावी. दुसरीचा घोट बराच वेळ तोंडात रेंगाळला. पहिल्या संध्याकाळी मी ओळखलं. दुसऱ्या संध्याकाळी, छातीठोकपणे, साफ चुकलो!

तरी माझं मत सांगतो: दुकानाची माल्ट महागडीच्या तोडीची नाही, आणि तिने असावं तरी कशाला? त्या पैशांत ती सरळ, स्वच्छ माल आहे. मला खटकतात ते तिचे भक्त. “आत खरी अमक्या बड्या डिस्टिलरीची आहे बरं का,” असं कानात सांगतात. म्हणजे हेही नावाचेच भुकेले; फक्त नाव निम्म्या किमतीत हवं. समजा, असेलही तिथली. एकाच भट्टीतली दारू दोन पिंपांत मुरली की दोन चवींची होते. जे आपल्या ग्लासात आहे त्याचाच हिशेब मांडावा.

निघायच्या आदल्या दिवशी जावयाने विचारलं, “बाबा, पुण्याला न्यायला कोणती आणू?”

“परवाचीच आण,” मी म्हटलं. “आणि एक इथे तुझ्यासाठी. दोन्हींचे पैसे मी देतो.”