गरिबी जाईपर्यंत कांड्या कुणी भरायच्या?

मालेगावात एका ओळखीच्या कारखानदाराकडे चहाला बसलो होतो. शेजारच्या खोलीत लूम धडधडत होते आणि दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कांड्या भरत होता. मी विषय काढला. चाचा शांतपणे म्हणाले, "बेटा, मी काम दिलं नाही तर त्याच्या घरची चूल पेटणार नाही. कायद्यानं पोट भरत नाही. गरिबी जाऊ दे, पोरं आपोआप शाळेत जातील."

हे म्हणणं अगदीच खोटं नाही. व्हिएतनाममध्ये 1990च्या दशकात तांदळाच्या निर्यातीवरचे निर्बंध सैल झाले, भाताला भाव मिळू लागला आणि पुष्कळ शेतकरी कुटुंबांनी आपली मुलं कामातून काढून घेतली. चार पैसे हातात आले की आईबाप आधी मुलांचं ओझं उतरवतात. 'मुसलमानांना शिक्षणाची किंमतच नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नुसता कायदा लंगडा पडतो, हेही खरं. इंग्लंडमध्ये 1833च्या कायद्यानं बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, पण साऱ्या देशासाठी निरीक्षक नेमले चार. आपल्याकडे 2016च्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी आली. मात्र शाळेनंतर आणि सुटीत घरच्या धंद्यात मदत करायला सूट ठेवली. ही सूट धोका नसलेल्या कामापुरतीच आहे. पण 'कुटुंबा'त काका, मामा, आत्या, मावशीही येतात. आपल्या वस्त्यांत घर आणि कारखाना यांच्यामध्ये कधी कधी एक पडदाच असतो. "पुतण्या आहे, मदत करतोय" म्हटलं की कोण तपासणार?

तरीही चाचांचं 'आपोआप' मला पटत नाही. मुलगा कामावर असतो, कारण तो स्वस्त असतो. तो स्वस्तात मिळतो म्हणून त्याच्या बापालाही मजुरी वाढवून मागता येत नाही. तोच मुलगा न शिकता मोठा होतो आणि उद्या आपल्या मुलाला त्याच कामावर पाठवतो. म्हणजे आपण ज्या गरिबीच्या जाण्याची वाट बघतोय, तिला हीच मजुरी पोसते.

केरळनं अशी वाट बघितली नाही. 1970-80च्या दशकांत तिथलं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होतं, तरी कामाला जाणाऱ्या मुलांचं प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांत केरळ होता. कारण शाळा जवळ होत्या आणि त्या नीट चालाव्यात म्हणून लोकांचा रेटा होता. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आधी रयत श्रीमंत होऊ द्या, असं ते म्हणाले नाहीत.

म्हणून मला कायदा हवा, पण फक्त धाड घालणारा नको. धाडीत सुटलेला मुलगा आठ दिवसांनी दुसऱ्या गल्लीत दिसतो. त्याला धरून ठेवणारी शाळा हवी, आणि त्याची मजुरी बुडाली तर घर चालेल एवढा आधार हवा. सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं होतं की 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली. असं असूनही 2022 मध्ये केंद्रानं पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. शिक्षण मोफतच आहे, हे कारण दिलं. फी माफ झाली म्हणून बुडालेली मजुरी भरून निघत नाही. ही शिष्यवृत्ती परत मागणं आपलं काम आहे.

दुसरं काम आपल्या घरातलं. रमजानमध्ये आपण जकात काढतो. बरीचशी एका दिवसात वाटून टाकतो. मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एका गरजू घराला वर्षभर महिन्याच्या महिन्याला आधार दिला, आणि त्या घरातलं मूल शाळेत जातंय ना याची आपुलकीनं चौकशी ठेवली, तर? लहान मुलाकडून काम करून घेणाऱ्या नातेवाइकाला, तो कितीही वडीलधारा असो, अदबीनं पण स्पष्ट विचारलं, तर?

मी चाचांना विचारलं, "तुमचा नातू आत्ता कुठंय?" ते म्हणाले, "शाळेत." मग दोघंही थोडा वेळ गप्प होतो. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे पुन्हा जाणार आहे, त्या मुलाच्या वडिलांच्या मजुरीबद्दल बोलायला.